जपानचा इतिहास ठाऊक नसताना ‘टोटल वॉर: शोगन २’ खेळायला घ्यावा का?

आपला प्रश्न असा आहे की, ‘टोटल वॉर: शोगन २’ हा संगणकावरचा युद्धाचा गेम घेण्याचा विचार आहे, परंतु जपानच्या इतिहासाची काहीच माहिती नाही, अशा माणसाला हा गेम कळेल का, आणि सुरुवातीचा अनुभव कसा असतो? मी तो गेल्याच महिन्यात खेळायला घेतला. सुमारे चाळीस तास खेळून झाले आहेत आणि एकही मोहीम अजून पुरी झालेली नाही, तेव्हा पुढे लिहिले आहे ते नवख्या खेळाडूचे मत समजून वाचावे.

इतिहास आधी वाचून बसण्याची गरज नाही. १४६७ साली सुरू झालेल्या ओनिन युद्धात क्योटो शहराची राखरांगोळी झाली, देशाचा कारभार पाहणाऱ्या शोगनची सत्ता नावापुरती उरली आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे आपापल्या मुलखाचे धनी असलेले सरदार, म्हणजे दाइम्यो, एकमेकांशी झुंजत राहिले, एवढे ठाऊक असले तरी पुरते. गेम १५४५ च्या वसंत ऋतूत सुरू होतो. आपण एक घराणे निवडायचे, एकेक प्रांत जोडत जायचे आणि अखेरीस क्योटो ताब्यात घेऊन स्वतः शोगन व्हायचे, असा एकंदर मामला आहे. नकाशावरचा कारभार पाळीपाळीने चालतो, वर्षाला चार पाळ्या, ऋतूगणिक एक. लढाई जुंपली की मात्र आपण थेट रणांगणावर उतरतो. जो मुलूख आपल्या माणसांनी पाहिलेला नाही तो जुन्या कागदावर शाईने काढलेल्या चित्रासारखा दिसतो आणि आपले सैन्य वा हेर तिकडे पोहोचला की तिथे डोंगर, झाडी, रस्ते उभे राहतात. ही एक गोष्ट पाहूनच मी गेममध्ये गुंतले.

मी चोसोकाबे घराणे निवडले. शिकोकू बेटाच्या दक्षिणेकडील तोसा प्रांत हे त्यांचे मूळ. धनुर्धारी आणि शेतीचे उत्पन्न ही त्यांची जमेची बाजू. बेटावर अवघे चार प्रांत आणि चहूबाजूंनी समुद्र, त्यामुळे नवख्याला हा मुलूख सोयीचा वाटतो. शेजारचा इयो प्रांत मी पहिल्या दोन वर्षांत घेतला आणि लगेच किल्ल्यांच्या मागे लागले. किल्ला मोठा केला, बाजारपेठ मोठी केली, मग दुसरा किल्लाही वाढवला, कारण हाती पैसा होता आणि पैसा असला की सगळे जमते अशी माझी समजूत होती. पडद्यावर भाताच्या शिलकीचा एक लहानसा आकडा असतो, त्याच्याकडे माझे लक्षच नव्हते. किल्ल्याची आणि बाजाराची प्रत्येक वाढ त्या शिलकीतून वाटा घेते. आकडा शून्याखाली गेला तसा प्रांतोप्रांती असंतोष वाढू लागला, आणि नव्याने जिंकलेल्या इयोमध्ये, जिथे लोक आधीच नाराज होते, बंड उभे राहिले. ते मोडायला सैन्य परत आणावे लागले, तेवढ्यात पूर्वेकडची सीमा उघडी पडली आणि ती मोहीम तिथेच संपली.

दुसऱ्या खेपेस मी तलवारीआधी शेताकडे पाहिले आणि तेव्हा कुठे हा गेम मला उमगू लागला. त्यातल्या पैशाचे नाव ‘कोकू’ आहे. कोकू हे मुळात तांदळाचे माप, साधारण १८० लिटरचे. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, असा त्याचा ढोबळ अर्थ. आपल्याकडे खंडी आणि मण होते तसेच, फरक इतकाच की तिथे सरदाराची पतसुद्धा त्याच्या जमिनीत किती कोकू पिकते यावरून ठरू लागली आणि त्याने किती फौज बाळगावी हेही त्यावरूनच मोजले जाई. त्या काळातल्या सत्तेचा पाया भाताच्या खाचरात होता, हे मला नुसत्या वाचनाने इतके पटले नसते.

दुसरी गोष्ट दिलेल्या शब्दाची. करार मोडला किंवा जिंकलेला किल्ला लुटला तर दाइम्योची प्रतिष्ठा घसरते, आणि ती घसरली की आपल्याच सेनापतींची निष्ठा डळमळू लागते. तह पक्का करण्यासाठी घरातले माणूस ओलीस पाठवता येते. मला हे प्रथम फार क्रूर वाटले, पण तो त्या काळचा रिवाजच होता. पुढे १६०३ मध्ये शोगन झालेल्या तोकुगावा इएयासूचे बालपण आधी ओदा आणि मग इमागावा घराण्याकडे ओलीस म्हणून गेले. गेममध्ये मुलाला ओलीस धाडले की घराण्याच्या यादीतला तो चेहरा आपल्या हाताबाहेर जातो आणि मग त्या शेजाऱ्यावर हल्ला करण्याची कितीही सुवर्णसंधी आली तरी हात आखडतो.

लढायांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांची तारीफ सगळेच करतात आणि ती रास्तही आहे. भालाईत अशिगारू, म्हणजे शेतकऱ्यांमधून उभे केलेले साधे पायदळ, भाल्यांची भिंत करून उभे राहिले की घोडदळाचे काही चालत नाही. सुरुवातीला महागड्या सामुराई तुकड्यांपेक्षा हेच लोक कामाला येतात. किल्ल्याच्या लढाईत शिड्या लागत नाहीत, माणसे हातापायांच्या आधाराने तट चढतात आणि काही वरून कोसळतात. आरमारी लढाया मात्र मला कंटाळवाण्या वाटल्या. त्या मी गेमवरच सोपवते.

पोर्तुगीजांशी व्यापाराचे बंदर उभारले की तोड्याच्या बंदुका मिळतात, पण त्यांच्यासोबत ख्रिस्ती हा नवा धर्मही प्रांतात शिरतो आणि जुन्या धर्माची प्रजा बिथरते. या धाग्याचे दुसरे टोक आपल्या किनाऱ्याला बांधलेले आहे. १५४९ साली कागोशिमाला उतरलेला ख्रिस्ती धर्मोपदेशक फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघाला होता, आणि त्याच्याबरोबर परतलेल्या आंजिरो या जपानी माणसाने बाप्तिस्मा गोव्यातच घेतला होता. कागोशिमा हे शिमाझू घराण्याचे ठाणे. ते घराणेही निवडता येते.

आता ज्या गोष्टीची पूर्वकल्पना मला हवी होती ती सांगते. आपली कीर्ती एका मर्यादेपलीकडे गेली, किंवा आपण क्योटो घेतले, की शोगन आपल्याला शत्रू जाहीर करतो आणि जवळजवळ सगळा देश आपल्यावर उलटतो. वर्षानुवर्षांचे मित्र एकामागून एक तह मोडतात, व्यापार थांबतो आणि निम्मे उत्पन्न समुद्रमार्गे येत असेल तर खजिना दोन-तीन पाळ्यांत कोरडा पडतो. ज्याला आपण मुलगी दिली त्यानेही पाठ फिरवावी, हे मला आजही खटकते. इतक्या सरसकट फितुरीला गेमने निदान काही अपवाद ठेवायला हवे होते. तरीही या व्यवस्थेमागे अर्थ आहे असे मला वाटते. ओदा नोबुनागा या सरदाराने १५६८ मध्ये क्योटोत प्रवेश केल्यानंतर थोड्याच काळात आजूबाजूची घराणी आणि मठ त्याच्याविरुद्ध एकत्र आले होते, आणि त्यांना उठवणाऱ्यांत त्याने स्वतः गादीवर बसवलेला शोगनही होता.

तेव्हा आपण हा गेम अवश्य घ्यावा, पण घाईने जिंकण्याची सवय असेल तर ती बाजूला ठेवावी. पहिली मोहीम चोसोकाबे किंवा शिमाझू यांच्यापैकी एकाची, सोप्या पातळीवर खेळावी. भाताची शिल्लक कधीही दोनाच्या खाली जाऊ देऊ नये, आणि हिवाळ्याआधी सैन्य आपल्या हद्दीत परत आणावे, कारण शत्रूच्या मुलखात बर्फात अडकलेली फौज न लढताच झिजते. कीर्तीची पट्टी भरत आली की थोडे थांबावे. दोन-तीन वर्षे नवा प्रांत न घेता कोठार भरावे, सीमेवरचे किल्ले पक्के करावेत, आणि मगच क्योटोच्या वाटेला लागावे. मी सध्या त्याच टप्प्यावर आहे. सारे शिकोकू माझ्या ताब्यात आहे, खजिन्यात बारा हजार कोकू आहेत आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या मोरी घराण्याशी अजून तरी तह शाबूत आहे.