गुब्बिओशी जुळवण्याआधी

तमिळनाडूतल्या कराईच्या शेलमधले (चिखलापासून बनलेल्या मऊ खडकातले) फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचवाल्या सूक्ष्म एकपेशीय सागरी जीवांचे जीवाश्म, इटलीतल्या गुब्बिओच्या थरांमधल्यांशी जुळवून वय ठरवायचं म्हणतोस, तर आधी नमुने कसे मिळतात ते बघ. तिथला चुनखडक कठीण, कवचं बहुतेक पातळ छेदातच (घासून पारदर्शक केलेल्या खडकाच्या कापात) दिसतात. आपला शेल भिजवून 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला की सुटी कवचं मिळतात. दोन्हींची नुसती नावं जुळवू नकोस. काही सुट्या रोटालिपोराही (कडेला कंगोरा असलेल्या, पाण्यात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा) अक्षातून घासून छेद कर, मग कडेचे कंगोरे ताडून पाहा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नकोस.

तळाशी राहणाऱ्या जाती पाण्याच्या खोलीनुसार बदलतात. थराचा काळ ठरवायला तरंगणाऱ्याच घे. त्यातही कंगोरेवाल्या उबदार टेथिस या प्राचीन समुद्रात मुबलक, इंग्लंडच्या चॉकमध्ये (मऊ पांढऱ्या चुनखडकात) विरळ. त्यामुळे तिथे त्या दिसल्या नाहीत, एवढ्यावरून थराचं वय ठरवू नकोस.