फेटलेला मध : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

थंडी सुरू झाली की साखरलेल्या मधाविषयी विचारणा वाढते. यंदा त्यातले बरेच प्रश्न ‘व्हिप्ड हनी’ किंवा ‘क्रीम्ड हनी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, ब्रेडवर न ओघळता पसरणाऱ्या पांढुरक्या मधाविषयी आहेत. त्यांतील काही निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : बाटलीतला पातळ मध मी इलेक्ट्रिक बीटरने बराच वेळ फेटला. रंग फिका झाला, फेसही आला. पण दुसऱ्या दिवशी फेस वर तरंगत होता आणि खाली मध होता तसाच पातळ. काय चुकले? (नाशिक)

आपण फेटण्यात कमी पडला नाहीत. मुळात हा मध फेटल्याने घट्ट होतच नाही. मधात साधारणपणे पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे कमी पाणी असते आणि उरलेला बहुतेक भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरांचा असतो. फ्रुक्टोज सहसा विरघळलेलेच राहते, परंतु ग्लुकोज त्या पाण्याला पेलवेल त्याहून अधिक असल्यामुळे आज ना उद्या ते कणांच्या रूपाने बाहेर पडते आणि आपण मध साखरला असे म्हणतो. कण धरायला मोजक्याच जागा मिळाल्या, तर प्रत्येक कण मोठा होत जातो आणि मध दाताखाली करकरतो. त्याच ग्लुकोजला एकाच वेळी असंख्य जागा मिळाल्या, तर प्रत्येक कण इतका बारीक राहतो की जिभेला तो जाणवत नाही. दुकानातल्या त्या मऊ मधात असे बारीक कण ठासून भरलेले असतात, आणि त्यांवरून प्रकाश विखुरल्यामुळेच तो पांढुरका दिसतो.

कणांना या जागा पुरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पातळ मधात आधीच बारीक साखरलेला थोडा मध मिसळणे. दुधाला विरजण लावतो, तेच हे काम. विरजण न लावता दूध कितीही घुसळले तरी त्याचे दही होत नाही. बीटरने आपण मधात फक्त हवा भरलीत, आणि ती निघून गेली.

प्रश्न : घरी करण्याची नेमकी कृती आणि तापमान सांगाल का? आमच्याकडे थंडी अशी पडतच नाही. (मुंबई)

या पद्धतीचा पाया कॅनडातील ओंटारिओ येथे काम केलेल्या आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या एल्टन डाइस यांनी घातला. त्यांना १९३५ साली तिचे पेटंट मिळाले. त्यांच्या रीतीत मध आधी सुमारे ४९ अंश सेल्सिअसला गरम करून गाळतात, मग ६६ अंशांपर्यंत नेऊन झटपट गार करतात, २४ अंशांच्या आसपास आल्यावर त्यात ५ ते १० टक्के बारीक साखरलेला मध मिसळतात आणि १४ अंशांवर साधारण आठवडाभर ठेवतात. ६६ अंशांचा टप्पा दोन कारणांसाठी असतो : मधातले जुने जाड कण पूर्ण विरघळावेत आणि त्यातले यीस्ट मरावे. मध स्वच्छ, पातळ आणि कमी पाण्याचा असेल, तर घरी हा टप्पा वगळण्यास माझी हरकत नाही; मध तापवू नये असे मानणाऱ्या घरांत तर तो वगळावाच लागेल. मात्र मधात जाड खडे दिसत असतील, तर बाटली कोमट पाण्यात ठेवून, पाणी ४५ अंशांच्या वर जाऊ न देता, ते सगळे विरघळवून घ्यावेत. एक खडा राहिला तरी तो आपल्यासारखेच जाड कण वाढवतो.

अर्धा किलोच्या बरणीसाठी ४५० ग्रॅम पातळ मध आणि ५० ग्रॅम साखरलेला मध घ्यावा. साखरलेला मध कोरड्या खलात घोटावा, किंवा मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबत थांबत फिरवावा, कारण सलग फिरवल्याने भांडे तापते आणि जपायचे कणच वितळू लागतात. घोटून झाल्यावर चिमूटभर मध जीभ आणि टाळू यांमध्ये दाबून पाहावा. कण लागला, तर पुन्हा घोटावा. या एका पायरीत घाई केली, तर पुढे काहीही करून उपयोग होत नाही. नंतर हा घोटलेला मध पातळ मधात लाकडी उलथन्याने, तळापासून, सावकाश कालवावा. रवी किंवा बीटर वापरू नये, कारण त्यात अडकलेली हवा वर येऊन पांढरा फेस धरते. मुंबईच्या मे महिन्यात स्वयंपाकघरातला मध तिशीच्या वर असतो, म्हणून मिसळण्यापूर्वी तो थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून गार करावा.

आता आपली खरी अडचण. १४ अंश हे तापमान मुंबईत ना खोलीत मिळते ना फ्रिजमध्ये. फ्रिजच्या मुख्य कप्प्यात ४ ते ५ अंश असतात आणि एवढ्या थंडीत मध इतका दाट होतो की ग्लुकोजची हालचालच मंदावते. काम बिघडत नाही, पण लांबते. म्हणून बरणी दाराच्या कप्प्यात किंवा भाजीच्या खणात ठेवावी, पहिले काही दिवस रोज एकदा ढवळावी आणि आठवड्याऐवजी दोन ते तीन आठवडे धीर धरावा. थर्माकोलच्या खोक्यात गार पाण्याच्या बाटल्या बदलत ठेवल्या, तर १४-१५ अंशांच्या जवळ राहता येते. उत्साह असेल त्याने करून पाहावे. फ्रीझर मात्र टाळावा, कारण तिथे साखरण्याची क्रिया जवळजवळ थांबते.

प्रश्न : कोणता मध घ्यावा? साखरणारा मध भेसळीचा असतो असे ऐकले आहे. (सोलापूर)

हा समज उलटा आहे आणि त्याने मधपाळांचे बरेच नुकसान केले आहे. शुद्ध मध साखरतो. तो किती लवकर साखरेल हे फुलांवर ठरते. मोहरी, सूर्यफूल आणि कपाशी यांच्या मधात ग्लुकोज अधिक असल्यामुळे तो लवकर बसतो आणि या कामाला उत्तम. रॉबिनियाच्या फुलांचा मध, जो बाजारात ‘अकेशिया’ या नावाने येतो, तो महिनोन् महिने पातळ राहतो, म्हणून तो घेऊ नये. पण मध साखरला म्हणजे तो शुद्धच, असेही मानू नये. भेसळ ओळखण्याचे काम प्रयोगशाळेचे आहे, आणि पाण्यात थेंब टाकण्याच्या किंवा वात पेटवण्याच्या घरगुती कसोट्यांवर माझा विश्वास नाही. मध काळपट असेल, तर तयार झालेला मध पांढरा न होता फिकट तपकिरी होईल, एवढे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : गावाकडून आलेल्या सातेरीच्या मधाचा क्रीम्ड हनी केला. महिन्याभरात वर पातळ थर आला, त्यात बुडबुडे दिसतात आणि वास आंबूस येतो. (सातारा)

हा मध आंबला आहे. सातेरी माशीच्या मधात, विशेषतः पश्चिम घाटासारख्या दमट भागात, पाणी बरेचदा जास्त असते. माशांनी मेणाने बंद न केलेल्या घरांतला मध काढला असेल, तर आणखीच. ग्लुकोजचा कण तयार होताना स्वतःबरोबर थोडेच पाणी घेतो, त्यामुळे कणांभोवती उरलेला द्रव अधिक पातळ होतो आणि एरवी निपचित पडलेल्या यीस्टला तिथे वाव मिळतो. एकंदर पाणी १७ टक्क्यांच्या आसपास असेल, तर सहसा भीती नसते. २० टक्क्यांच्या पुढे मी हा प्रयोग करू नये असेच सांगेन. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांतही मधातील पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. मधपाळांकडे पाणी मोजण्याचा हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर असतो, तो थेंबभर मधावर उत्तर देतो. मध घेतानाच विचारून घ्यावे. पावसाळ्यात बरणी उघडी ठेवून ढवळत बसू नये, कारण मध हवेतले पाणी ओढून घेतो. आंबलेला मध पुढच्या खेपेला विरजण म्हणून तर मुळीच वापरू नये.

प्रश्न : यात स्वाद कोणते घालावेत आणि तो कशाबरोबर खावा? मधुमेह असणाऱ्यांना चालेल का? (पुणे)

जे घालाल ते कोरडे असावे, एवढाच नियम. अर्धा किलोला एक लहान चमचा दालचिनीची पूड, सुंठ किंवा वेलची पुरते. संत्र्याची साल घालायची असेल, तर ती कडक वाळवून दळावी. आंब्याचा किंवा स्ट्रॉबेरीचा ताजा गर घातला, तर वर सांगितलेल्या आंबण्याला आपणच निमंत्रण देतो. गरम पोळीवर हा मध लगेच वितळतो, म्हणून पोळी किंवा घावन थोडे निवू द्यावे. कालच्या ज्वारीच्या भाकरीवर तो फार छान लागतो. मधुमेहाबाबत या मधात आणि पातळ मधात काहीही फरक नाही.

प्रश्न : नातवाला आठ महिने झाले. हा मध ओघळत नाही, तर बोटावर घेऊन चाटवला तर चालेल का? (रत्नागिरी)

नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला कोणताही मध देऊ नये, चाटणातही नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांची आतडी त्यांना रुजू देत नाहीत, बाळाची देऊ शकतात, आणि घरगुती तापवण्याने ते मरत नाहीत.

प्रश्न : मुलगी टोरांटोहून क्रीम्ड हनीची बरणी घेऊन आली आहे. तोच विरजण म्हणून वापरता येईल का? (कोल्हापूर)

अवश्य, आणि घोटण्याचे कष्टही वाचतील. फक्त घटकांच्या यादीत मधाशिवाय दुसरे काही नाही हे पाहावे आणि प्रवासात मध वितळून पुन्हा जाड साखरला नाही ना, हे टाळूला लावून तपासावे. तयार मधातले ५० ग्रॅम दर वेळी पुढच्या बरणीसाठी बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवले, तर पुन्हा बाहेरून आणण्याची गरज पडणार नाही. उन्हाळ्यात खाण्याची बरणीही फ्रिजमध्येच राहू द्यावी आणि लागेल तेवढाच मध वाढण्यापूर्वी वाटीत काढून ठेवावा, कारण अख्खी बरणी वारंवार बाहेर-आत केली, तर बारीक कण विरघळून पुन्हा जाड बसतात.