शेतकऱ्यांचे प्रश्न: मोबाईलवरच्या माहितीवर किती विसंबायचं?

प्रश्न: गावच्या व्हॉट्सॲप गटावर ‘उद्या ऑरेंज अलर्ट’ असा नकाशा आला. कांदा काढून शेतात पडलाय. घाई करावी का? (निफाड तालुका)

आधी नकाशावरची तारीख बघा. तारीख नसेल, तर त्या नकाशावर एकही निर्णय घेऊ नका. आमच्या गटावर एकदा आदल्या वर्षीचा नकाशा फिरला. शेजाऱ्यांनी न सुकलेला कांदा रातोरात चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) भरला आणि महिन्याभरात तो सडायला लागला. पाऊस आलाच नव्हता. मला अजून त्याची हळहळ वाटते.

नकाशा ताजा असेल, तर रंगासोबतचे शब्द वाचा. हवामान खात्याच्या भाषेत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त. ‘मुसळधार’ म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर. नारिंगी रंग आणि ‘तुरळक’ हे दोन्ही एकाच इशाऱ्यात असू शकतं. तेव्हा ताडपत्री बांधावर आणून ठेवा, ओला माल मात्र चाळीत नेऊ नका. हवामान खात्याचं ‘मेघदूत’ ॲप मराठीतही आहे. त्यात जिल्ह्यानुसार पीकसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी बदलतो. वीज कडाडत असेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप बघा. फोनमध्ये ही दोन असली की गटावरच्या नकाशाची वाट बघावी लागत नाही.

प्रश्न: मोबाईलवर कांद्याचा भाव क्विंटलला 2,600 रुपये दिसला, मला 1,750 मिळाले. माहिती खोटी होती का?

बहुधा खोटी नव्हती, अपुरी होती. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. गटावर फिरतो तो कमाल, म्हणजे त्या दिवशी एखाद्याच चांगल्या वक्कलाला (मालाच्या ढिगाला) मिळालेला. गाडी भरण्याआधी सर्वसाधारण दर बघा. राज्याच्या पणन मंडळाच्या आणि केंद्र सरकारच्या ‘ॲगमार्कनेट’ या संकेतस्थळावर तो क्विंटलमागे दिलेला असतो. लाल आणि उन्हाळ कांद्याची ओळ वेगळी असते, तीही तपासा. आवकेचा आकडा तर बघाच. आदल्या दिवसापेक्षा आवक एकदम वाढली असेल, तर कालच्या भावावर हिशेब मांडू नका.

प्रश्न: ऑनलाइन काढलेला सातबारा बँकेनं परत केला.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त बघण्यासाठी असतो. 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढा आणि तो बँकेत द्या.

प्रश्न: वडील 72 वर्षांचे आहेत. ‘पीएम किसानचा हप्ता अडकला, हे ॲप टाका’ असा निरोप आला आणि त्यांनी ते टाकलं.

आत्ताच त्यांच्या फोनचं नेट बंद करा. निरोपातून आलेली एपीके फाईल (प्ले स्टोअरला वगळून थेट ॲप टाकणारी फाईल) असेल, तर ती फोनवरचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, वाचू शकते. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि वडिलांना रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाहीत.