नौदलाच्या सोनार सरावात देवमासे-डॉल्फिन वाचवायला नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की सोनारचा (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्राचा) आवाज 235 डेसिबल, म्हणजे आपल्या बडोद्याच्या गरब्यातल्या स्पीकरच्या दुपटीहून जास्त. मग सरावात हे प्राणी वाचतात कसे, आणि गुजरातच्या किनाऱ्याला मेलेले लागतात ते यामुळेच का?

आधी डेसिबलचं बघू. पाण्यातली आणि हवेतली मोजपट्टी वेगळी असते. तुलना करायची तर पाण्यातल्या आकड्यातून साधारण 62 वजा करायचे. म्हणजे उरले 173, तेही सोनारपासून 1 मीटरवर. शिवाय 100 ची दुप्पट 200 असा हिशेब इथे चालत नाही. 6 डेसिबल वाढले की दाब दुप्पट होतो. अंतर दहापट झालं की ढोबळमानाने 20 घटतात. पाण्यातल्याच पट्टीवर 1 किमीवर 175, 10 किमीवर 155 च्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

नियम सगळ्यात तपशिलात अमेरिकी नौदलाचे उपलब्ध आहेत, म्हणून तेच सांगतो. जहाजाच्या बुडाशी बसवलेला मध्यम वारंवारितेचा सोनार (3 किलोहर्ट्झच्या आसपास) सुरू करण्याआधी टेहळे दुर्बिणी घेऊन पाणी न्याहाळतात. प्राणी 1000 यार्डांच्या (914 मी.) आत दिसला की ताकद 6 डेसिबलने कमी, 500 यार्डांच्या आत एकूण 10 ने कमी, 200 यार्डांच्या आत सोनार बंद. प्राणी बाहेर गेलेला दिसला, किंवा 30 मिनिटं पुन्हा दिसलाच नाही, तर परत सुरू. डॉल्फिन मुद्दाम जहाजाच्या पुढच्या टोकाशी उठणाऱ्या लाटेवर खेळायला आले असतील तर सूट असते.

याने कानाची थेट इजा बऱ्यापैकी टळते. पण किनाऱ्याला लागून मेलेले बहुतेक प्राणी चोचवाले देवमासे होते, विशेषतः कुव्हिए जातीचे, आणि त्यांच्यापुढे ही टेहळणी तोकडी पडते. कुव्हिए एका बुडीत तासभर खाली राहतो आणि वर येतो तो थोडाच वेळ, फवाराही धड दिसत नाही. समुद्र जरा खवळलेला असला किंवा रात्र असली की संपलंच. तासाभराच्या बुडीला 30 मिनिटांची वाट पुरणार कशी? वर हे प्राणी 140 डेसिबलच्या आसपासच, कधी त्याखालीही, शिकार सोडून पळतात. मघाचं गणित बघा: 10 किमीवरही 155 उरतात. घाबरून बुडीची लय बिघडली की रक्तात वायूचे बुडबुडे होत असावेत, असा आजचा मुख्य कयास आहे. 2002 च्या कॅनरी बेटांवरच्या घटनेतल्या शवविच्छेदनात वायूच्या आणि चरबीच्या गुठळ्या सापडल्या होत्या.

म्हणून माझ्या मते खरं काम सराव ठरवतानाच होतं: जागा आणि वेळ. मार्च 2000 मध्ये बहामात 17 प्राणी किनाऱ्याला लागले. चौकशीत निघालं की एकाच वेळी अनेक जहाजांचे सोनार चालू, समुद्रतळ उभ्या उताराचा, सामुद्रधुनी चिंचोळी म्हणून निसटायला वाट कमी, चोचवाले देवमासे त्याच भागात, आणि वरच्या थरात आवाज अडकून लांब जाईल असं पाण्याचं तापमान. हे सगळं आधी तपासता येतं. तापमानाला तर एक तपासणी-नळी पाण्यात सोडली की पुरतं. अशा जागा टाळायच्या, सरावाआधी काही दिवस हायड्रोफोनने (पाण्याखालच्या माइकने) चोचवाल्या देवमाशांचे क्लिक, म्हणजे शिकार शोधताना काढलेले टकटक आवाज, ऐकायचे (ते खोल बुडीतच क्लिक करतात, वर गप्प असतात), आणि जमेल तितका सराव सिम्युलेटरवर उरकायचा. स्पेनने 2004 पासून कॅनरी बेटांभोवती 50 सागरी मैलांत असे सोनार बंद केले. त्यानंतर तिथे तशा सामूहिक घटना थांबल्या.

आता गुजरात. खंभातच्या आखातापुढे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळच तीनशे किमीहून जास्त रुंद आहे, तेव्हा खोल पाण्यातले चोचवाले देवमासे किनाऱ्यापासून फार लांब. आखातांत आणि किनाऱ्यालगत कुबड्या डॉल्फिन, बिनपंखी पॉरपॉइज (पाठीवर पंख नसलेला, डॉल्फिनसारखा छोटा प्राणी), कच्छकडे डुगाँग (समुद्री गाय). त्यांना जास्त भीती जाळ्यांची आणि बोटींची. काळजी करायची ती अरबी समुद्रातल्या कुबड्या देवमाशाची. हा ध्रुवाकडे जात नाही, बारा महिने इथेच असतो, आणि ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्या आत मोजली गेली आहे.

किनाऱ्यावरचा मेलेला प्राणी सोनारने गेला की कसा, हे बाहेरून सांगता येत नाही. वायूच्या गुठळ्या बघायच्या तर शवविच्छेदन पहिल्या काही तासांत व्हायला हवं, आतल्या कानाचे नमुने तर आणखी लवकर नासतात. म्हणून तसा प्राणी दिसला तर तारीख, वेळ आणि जागा टिपा, दोन्ही बाजूंचे, तोंडाचे आणि शेपटीचे फोटो काढा, वनखात्याला लगेच कळवा, आणि वास येतो म्हणून गावकरी जेसीबी आणायला निघाले असतील तर नमुने घेईपर्यंत त्यांना थांबवा. जिवंत असेल तर ओली चादर घाला, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं ठेवा आणि शेपटीला धरून ओढू देऊ नका.