मंडळाच्या अंकात श्रद्धांजली लिहायला घेताना

वार्षिक अंकातलं श्रद्धांजलीचं पान तुम्ही घेतलंत, फार बरं वाटलं. घाबरू नका. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

१. दहावं-तेरावं होईपर्यंत भेटायला जा, बसा, ऐका. वही नंतर.

२. 'मनमिळाऊ, प्रेमळ, हसतमुख' हे शब्द गाळा, ते कुणालाही चालतात. माणूस रोज काय करायचा ते विचारा. आमच्या इथल्या एका आजींबद्दल सून म्हणाली, "पाणी जाणार असलं की आदल्या रात्री प्रत्येक मजल्यावर बेल वाजवून सांगायच्या." तेवढं छापलं आणि वाचणाऱ्यांना आजी समोर दिसल्या.

३. सालं आठवत नाहीत, घटना आठवतात. पुण्यातल्या जुन्या माणसांना विचारा, पानशेत फुटलं तेव्हा हे कुठे राहत होते? म्हणजे जुलै १९६१. साताऱ्याकडच्यांना कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) विचारा, गिरणगावातल्यांना १९८२चा संप. १९७२चा दुष्काळ तर खेड्यातून आलेल्या बहुतेकांना आठवतो. लग्न, नोकरी, बिऱ्हाड बदलणं, सगळं त्याच्या आगेमागे लावता येतं.

नव्यांची हमखास चूक बायकांवर लिहिताना होते: नवऱ्याचा हुद्दा, मुलांच्या पदव्या आणि लेख संपला. असं करू नका. माहेर, शिक्षण, हातातलं काम, मैत्रिणी विचारा. शेवटच्या आजारपणाला एक ओळ पुरे. नाव आणि तारखा छापण्याआधी घरच्यांना दाखवाच.

ध्वनिमुद्रण, जुने फोटो वगैरेत आत्ता शिरू नका. आधी दोघांवर लिहा, मला पाठवा, मग पुढचं बोलू.