अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण भागात रस्त्याकडेला दिसणाऱ्या ऐतिहासिक पाट्या थांबून वाचण्यासारख्या असतात का?

नक्की थांबा. तुम्ही मेम्फिसहून न्यू ऑर्लिन्सला गाडीने जाणार आहात असं लिहिलंय, म्हणून सांगतो: सरळ हायवे धरू नका. एक दिवस जास्तीचा काढा आणि मिसिसिपी डेल्टातल्या टॅलाहॅची काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) जा. मी मेम्फिसमध्ये राहतो आणि या भागात तीनदा जाऊन आलोय.

क्लार्क्सडेलहून 49 नंबरचा रस्ता धरलात की आधी टटवायलर लागतं. इथल्याच स्टेशनवर 1903 च्या सुमारास संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी एका अनोळखी माणसाला तारांवर सुरी घासत गिटार वाजवताना ऐकलं होतं. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकाराच्या इतिहासात ही घटना हमखास सांगितली जाते. माउथ ऑर्गन वाजवणारे ब्लूज कलाकार सनी बॉय विल्यमसन यांची कबरही इथंच आहे, लोक तिच्यावर माउथ ऑर्गन ठेवून जातात. संगीताची आवड असेल तर अर्धा तास इथं घालवा.

पण मी पाठवतोय ते पुढच्या गावासाठी. समनर. चौकात विटांची जुनी कोर्टाची इमारत आहे. सप्टेंबर 1955 मध्ये इथं पाच दिवस खटला चालला. शिकागोहून मावसआजोबांकडे सुट्टीला आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला रात्री घरातून उचलून नेऊन मारलं होतं. दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, एवढाच त्याच्यावरचा आरोप. तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांना बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात निर्दोष सोडलं. पुढे चारच महिन्यांत दोघांनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला खुनाची कबुली दिली. एकदा सुटल्यामुळे त्यांच्यावर पुन्हा खटला भरता येत नव्हता.

आता कोर्टासमोरच्या हिरवळीवर उभं राहून तारखा बघा. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांचं स्मारक तिथं 1913 पासून आहे. एमेटच्या खटल्याची पाटी लागली 2007 मध्ये. म्हणजे बावन्न वर्षं या कोर्टासमोर त्याच्याबद्दल पाटी नव्हती. ती पाटी आपोआप लागली नाही. जेरोम लिटल हे काउंटीच्या कारभारी मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांनी गोऱ्या आणि काळ्या रहिवाशांना एका समितीत बसवलं, आणि 2 ऑक्टोबर 2007 ला याच कोर्टासमोर एमेटच्या नातेवाइकांची जाहीर माफी मागितली गेली. वांशिक सलोख्याची सुरुवात खरं सांगण्यापासून होते, असं त्या माफीनाम्यात अगदी आरंभीच म्हटलंय. त्याच समितीने मोडकळीला आलेली इमारत दुरुस्त करून घेतली आणि वरचा कोर्टरूम 1955 मध्ये होता तसा केला. समोरच एमेट टिल इंटरप्रिटिव्ह सेंटर आहे, तिथून माहिती सांगणारं माणूस सोबत घ्या. मी ज्यूरीच्या खुर्च्यांपाशी उभा राहिलो होतो. तिथून साक्षीदाराची जागा इतकी जवळ आहे की साक्ष देणाऱ्याचा चेहरा दिसला नाही असं कुणालाच म्हणता येणार नाही. मोझेस राइट, म्हणजे ज्यांच्या घरून मुलाला नेलं ते मावसआजोबा, इथंच भर कोर्टात उभे राहिले आणि आरोपींकडे बोट दाखवून त्यांनी त्यांना ओळखलं. त्या काळात, त्या गावात.

दक्षिणेला ग्लेंडोरा हे अगदी छोटं गाव आहे. तिथल्या कापसाच्या जुन्या जिनिंगमध्ये संग्रहालय केलंय. दुसऱ्या खेपेला माझे बाबा सोबत होते. आम्ही यवतमाळचे, बाबांची उमेद जिनिंगमध्ये गेली. मुलाचं प्रेत वर येऊ नये म्हणून गळ्याला काटेरी तारेने जिनचा पंखा बांधला होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी फक्त वजन विचारलं. 75 पौंड, म्हणजे 34 किलो. "दोन हात लागतात रे त्याला," एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले.

ग्लेंडोरापासून थोड्या अंतरावर टॅलाहॅची नदीकाठी ग्रॅबॉल लँडिंग आहे. प्रेत पाण्याबाहेर काढलं ती जागा म्हणून हा काठ ओळखला जातो. इथल्या पाटीची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिली पाटी 2008 मध्ये लावली, ती कुणीतरी उपटून नेली. दुसरीवर इतक्या गोळ्या झाडल्या की तिला 317 भोकं पडली होती. ती 2021 मध्ये वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात मांडली होती. तिसरी 2018 मध्ये लागली आणि पस्तीसच दिवसांत तिलाही गोळ्या लागल्या. मग ऑक्टोबर 2019 मध्ये चौथी आणली, 500 पौंडांहून जड, गोळी आरपार जाणार नाही अशी. आजूबाजूला शेतं आणि झाडं, माणूस दिसत नाही, आणि अशा जागी बुलेटप्रूफ पाटी. मला त्या गोळ्यांपेक्षा दर वेळी नवी पाटी घेऊन येणाऱ्यांचं जास्त वाटतं. ते त्याच भागात राहतात, त्यांना तिथेच राहायचंय.

25 जुलै 2023 ला, एमेटच्या 82 व्या जन्मदिनी, हा काठ, समनरचं कोर्ट आणि शिकागोचं रॉबर्ट्स टेम्पल चर्च मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. त्याच चर्चमध्ये त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवायला लावली होती, लेकराचं काय केलंय ते जगाला दिसावं म्हणून.

पुढे ग्रीनवुडच्या वाटेवर, शेजारच्या लफ्लोर काउंटीत, मनी नावाच्या वस्तीत ब्रायंटचं ते दुकान आहे. आता नुसत्या पडक्या भिंती आणि वेली. समोरची पाटी रस्त्यावरूनच वाचा, आत शिरू नका, जागा खासगी आहे आणि भिंतींचा भरवसा नाही.

क्रम मात्र असाच ठेवा: आधी समनर, मग नदी. नदीकडे जाणारा शेवटचा रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला असेल तर समनरच्या सेंटरमध्येच विचारून निघा. पाणी आणि खायचं क्लार्क्सडेललाच घेऊन ठेवा.