नोटीस आली? आधी पाकीट जपा

कायदेशीर नोटीस आली तर घाबरू नका, पण ती ज्या पाकिटातून आली ते फेकूही नका. उत्तराची मुदत बहुधा नोटीस हातात पडल्या दिवसापासून मोजतात, म्हणून पाकिटावर लगेच तारीख टाका. उधारी, अनामत, शेजाऱ्याशी कुरबुर असली भांडणं पुष्कळदा एका स्पष्ट लेखी पत्राने मिटतात. पोच तेवढी सांभाळा. पण कोर्टाचं समन्स, अटकेची भीती, मुलांचा ताबा असा मामला असेल किंवा न समजलेल्या कागदावर सही मागत असतील, तर आधी वकील गाठा. सही करून मग धावत सुटलेली माणसं मी फार पाहिलीत, जीव तुटतो. जाताना घडलेलं तारीखवार एका पानावर लिहून न्या, स्वतःची चूकही लपवू नका. आणि फी पहिल्याच भेटीत विचारा, त्यात संकोच नको.